फुरसतीनं जेवणारा

ग्यानोबा बायकोला उतरवून घ्यायला स्टँडवर गेला, तिथून हे सुरू झालं. यात भ्यायचं काय, असं म्हणाल. म्हणा बापडे. दिवा जरा जवळ ओढून घ्या आणि निवांत ऐका. मधेच उठू मात्र नका.

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कचेरी नवी, खुर्च्या नव्या, पाट्यांवरचा रंग अजून ओला. आणि गावात ओलं म्हणावं असं तेवढंच होतं. पावसानं साफ पाठ फिरवली होती. भादवा सरत आला तरी आडात गाळ आणि नदीत वाळू. चिमण्या कोरड्या नळाच्या तोंडाशी चोच लावून बसायच्या, आणि कावळे तर गाव सोडूनच गेले होते. कुठं गेले कुणास ठाऊक, पाणी असेल तिकडं गेले असतील. त्यात पितरपाठाचे दिवस. घरोघर छपरावर नैवेद्य ठेवलेले आणि शिवायला एक कावळा नाही. म्हाताऱ्या माणसांचा जीव त्यापायी नुसता खाली-वर व्हायचा.

ग्यानोबा कलेक्टर कचेरीत होता. कोणत्या गावाला टँकर धाडायचा ते बघायचं काम त्याच्याकडं, म्हणून लोक त्याला टँकरसाहेबच म्हणत. माणूस सोन्यासारखा. लाच नाही, लबाडी नाही, कुणाला उलटून बोलणं नाही. पण जेवायची रीत म्हणाल तर अरारारा! जीपच्या बॉनेटवर डबा उघडायचा, उभ्याउभ्या चार भाकरी पोटात ढकलायच्या आणि हात पँटीला पुसून पुढच्या गावाला पळायचं. घरी असला तरी तेच. पारू ताट वाढून भाजी आणायला आत वळली की परत येईस्तोवर हा हात धुऊन चप्पल शोधत असायचा.

"तुमी जेवत न्हाई, पोतं भरता," ती म्हणायची. "मी लग्न करून आले का खानावळ घालून बसले? भिंतीकडं बघून जेवते मी रोज."

एक दिवस ती माहेरी गेली, अर्धापूरला. तिकडं केळीच्या बागा, पाटाला पाणी, अंगणात बसून पाच माणसांची पंगत. गेली ती राहिली. सहा महिने झाले, आठ झाले. ग्यानोबा दोनदा जाऊन आला, पण तिथंही सासूनं वाढलेलं ताट यानं असं रिकामं केलं की पारू बाहेरच आली नाही. आणि खरं सांगू का, त्याचा तिच्यावर लई जीव होता. रात्री खोलीत आला की तो दार लावायचा आणि उगाच एक हाक मारायचा, "पारू..." मग स्वतःलाच लाजून दिवा मालवायचा.

शेवटी तिच्या भावानं, मारोतीनं निरोप आणला. पारू येते म्हणाली, पण एका रात्रीपुरती. तिच्यासंगं मांडी घालून निवांत जेवला तर राहील. न्हाई तर सकाळच्या गाडीनं परत, आणि मग पुन्हा बोलावू नका. अन् स्टँडवर दिसला न्हाईत तर ती गाडीतून उतरणारबी न्हाई, त्याच गाडीनं माघारी जाईल.

झालं. ग्यानोबानं खोली झाडली, पितळी डबे घासले, रांगेत उभं राहून दोन घागरी भरल्या आणि दिवेलागणीच्या आधीच स्टँडवर जाऊन उभा राहिला. तिथं कंट्रोलर म्हणाला, "साहेब, नांदेडची गाडी लोह्याच्या पुढं बंद पडून राहिली. चांगला उशीर हाय. जेवून या तवर."

जेवून या! ग्यानोबाच्या डोक्यात तिथंच उजेड पडला. रात्री पारूसमोर बसायचं, तर आधी जरा सराव करावा. एकट्यानं, निवांत, घास मोजल्यासारखा चावून. पण कुठं? स्टँडवरच्या हॉटेलात बसलं तर मागचा माणूस खुर्ची धरूनच उभा असतो.

नांदेड नाक्याला तेव्हा 'फुरसत' होतं. तुम्ही बघितलं नसेल, पण काय हॉटेल होतं महाराजा! नव्या जिल्ह्यात असं दुसरं नव्हतं. बाहेरून साधी दगडी भिंत, आत पाऊल टाकलं की पायाखाली गालिचा. पिवळे, मंद दिवे. सागवानी काउंटर असा गुळगुळीत की त्यात आपला चेहरा दिसावा. काउंटरला उंच स्टुलं, त्यांना तांबड्या कातड्याच्या गाद्या, खाली पाय ठेवायला पितळी दांडी. मागं बाटल्यांच्या रांगा. एरवी पुढारी आणि सरकारी कामांचे गुत्तेदार यांनी ते भरलेलं असायचं, पण पितरपाठात कोण बसतो प्यायला? त्या सांजेला आत चिटपाखरू नव्हतं. कूलर बंद होता, त्यात घालायला पाणी कुठलं; तरी आत गार होतं. ग्यानोबाला बरं वाटलं.

काउंटरमागं महेबूब उभा होता. मूळचा हैदराबादचा, पांढरा सदरा, खांद्यावर घडी घातलेला नॅपकिन.

"या साहेब. बसा, कुठंबी बसा."

ग्यानोबानं कोपऱ्यातलं, खिडकीजवळचं स्टूल धरलं. तिथून नांदेडचा रस्ता दिसत होता, गाडी आली तर कळावी म्हणून. तो बसला, तसं महेबूबनं आतल्या दाराकडं बघितलं. दाराचा पडदा जरासा हलला.

"काय घेणार?"

"जे असंल ते. पण सावकाश द्या. मला आज घाई करायची न्हाई."

महेबूबचा चेहरा एकदम खुलला. "वा साहेब! हेच ऐकायचं होतं. घाई नक्को, हा तर मालकाचा हुकूम हाय. मंग रम-बिम नक्को. वाईन घ्या. मालकांनी खास हैदराबादेहून आणलेली बाटली हाय. वाईन घटाघटा नाय पिता येत. ती माणसाला बसवते."

ग्यानोबानं वाईन कधी चाखली नव्हती. दौऱ्यावर असताना कधीमधी ढाब्यावर ड्रायव्हरांसंगं घोटभर रम, एवढीच त्याची मजल. नाव ज्ञानोबारायांचं आणि हातात द्राक्षाचा लाल रस, हे बघून त्याला स्वतःचंच हसू आलं. पण काय तो पेला! काचेचा उंच देठ, वर पातळ वाटी, हातात धरायलाही भ्यावं. महेबूबनं बाटली कापडात धरून अशी ओतली की थेंबाचा आवाज नाही. दिव्यात तो रंग उजळला. ग्यानोबा नुसता बघत राहिला. आपल्यासाठी कुणी एवढं जपून काही ओतलं असेल, असं त्याला आठवेना.

आणि मग त्यानं ते केलं. त्यात त्याची काही चूक नाही हो. आपल्याकडं पिणारा कोणीही करतो. ढाब्यावरची सवय. पहिल्या घोटाआधी पेल्यात बोट बुडवलं आणि चार थेंब शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडं उडवले, गेल्या माणसांच्या नावानं.

"घ्या मंडळी," तो हसत म्हणाला. "बसा तुमीबी."

महेबूबचा हात बाटलीवर तसाच राहिला. आतला पडदा गपकन ओढला गेला. बाहेरून टँकर गेला, त्याच्या हादऱ्यानं बाटल्या किणकिणल्या आणि गप झाल्या.

"काय झालं?" ग्यानोबानं विचारलं.

"काय न्हाई साहेब... काय न्हाई." महेबूबनं दुसरा पेला काढला, शेजारच्या रिकाम्या जागेपुढं ठेवला आणि त्यातही वाईन ओतली. त्याच्यापुढं बशी ठेवली, नॅपकिन ठेवला. ग्यानोबाला वाटलं, मोठ्या हॉटेलातली रीत असेल. आपल्याला काय कळतंय त्यातलं?

पहिला घोट त्यानं जिभेवर धरून ठेवला. आधी आंबट, मग कडसर, मग गिळल्यावर कुठूनशी गोडी यायची. त्याला त्या गोडीची वाट बघायचा नादच लागला. मग कबाब आले, शेजारच्या बशीतही एक आला. बाहेरून खरपूस, आत लोण्यावाणी मऊ, वर कांद्याच्या चकत्या आणि लिंबू. एक तुकडा तोंडात टाकला की तो सवयीनं दुसऱ्याकडं हात न्यायचा, आणि मग स्वतःलाच दटावायचा, थांब की लेका, कुठं पळून चाललाय तो? थांबला की चव वाढायची. मिरे कळायचे, पुदिना कळायचा, कोळशाचा धूर कळायचा. पस्तिशी उलटलेल्या त्या माणसाला अन्नाला इतक्या चवी असतात हे त्या सांजेला पहिल्यांदा कळून राहिलं होतं. त्याला पारूची आठवण आली आणि वाईटही वाटलं. बिचारी काय काय रांधायची, आणि आपण नुसतं पोतं भरलं.

मग दोन्ही जागांपुढं मटणाचं सालन आलं, बगारा भात आला, रुमालासारखी पातळ रोटी आली. आणि त्यासोबत न मागता एकेक वाटी तांदळाची खीर आणि उडदाचे दोन-दोन वडे.

"हे मी सांगितलं न्हाई."

"घरचं हाय साहेब. मालकीणबाईंनी धाडलंय. तेवढं खाच."

खीर अशी सुरेख होती की ग्यानोबानं डोळे मिटले. आणि डोळे मिटलेले असतानाच त्याला तो आवाज आला.

टिंग.

अंगठी काचेला लागावी तसा, हलका. त्यानं डोळे उघडले. महेबूब दुसऱ्या टोकाला पाठ करून उभा होता. खोलीत आणखी कुणी नव्हतं. शेजारचा पेला होता तिथंच होता, फक्त... मघाशी काठोकाठ नव्हता का तो? आता बोटभर उतरला होता.

आपल्यालाच चढली असेल, असं मनाशी म्हणून त्यानं रोटी मोडली. पण आता त्याचं ध्यान घासावर राहीना. कुठूनतरी अत्तराचा वास येत होता, हिन्याचा, दाट. आत आला तेव्हा हा वास नव्हता. त्यानं मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. शेजारच्या स्टुलाची तांबडी गादी मधे दबलेली होती. कुणी नीट, ऐसपैस बसावं तशी. आणि बशीतला कबाब कमी झाला होता. कुणी उचलताना दिसलं नाही, तुटताना दिसला नाही. नुसता कमी होत चालला होता, इतका सावकाश की बघणाऱ्याला कळू नये.

टिंग.

"महेबूबभाई..." ग्यानोबानं रोटी खाली ठेवली. "इथं... कुणी बसलंय का?"

महेबूब वळला नाही. पडदा सरला आणि एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, सडपातळ, हिरव्या काठाचं साधं लुगडं, कपाळ मोकळं. ही हॉटेलची मालकीण. ती काउंटरपाशी आली, पण दोन्ही स्टुलांपासून हातभर लांब थांबली.

"साहेब, तुमी थेंब शिंपडले का?"

"हाव... सवय हाय. का?"

बाईनं पदर तोंडाला लावला. मग हळू आवाजात, प्रत्येक शब्द निवडून बोलायला लागली.

"आज माझ्या मालकाची तिथ हाय. साहेबराव त्यांचं नाव. हे सगळं त्यांनीच उभं केलं. हैदराबादेत बघून आले आन् म्हणले, आपल्या लोकास्नी निवांत जेवायला एक जागा पाहिजे. हा काउंटर त्यांनी घासून घेतला, ही बाटली त्यांनी आणली. आन् हाटेल उघडायच्या आदल्या दिवशी गेले. इथला एक घास त्यांच्या तोंडात गेला न्हाई. दुपारी नैवेद्य ठेवला. कावळा न्हाई आला. कुठून येणार? मंग म्हणलं, सांजच्याला जो एकटा माणूस आपल्या पायानं येईल, आन् त्यांच्या जागेवर बसंल, त्याला पितर म्हणून जेवू घालायचं. तो जेवला की ते जेवले."

पितर म्हणून माणूस बसवतात हे ग्यानोबाला ठाऊक होतं. लहानपणी गावात त्याचा बाप कितीदा बसला होता.

"मंग मला आधी सांगायचं ना!"

"सांगितलं तर कोण बसतंय, साहेब?"

ग्यानोबानं खिरीची वाटी पुढं सरकवली. मग म्हणाला, "बरं, जेवलो की मी. झकास जेवलो. झालं ना मंग?"

"न्हाई झालं." बाईनं शेजारच्या पेल्याकडं बघितलं. "पितर म्हणून बसलेल्यानं थेंब शिंपडायचे नसतात. घासबी काढायचा नसतो. ते तुमच्याच तोंडानं जेवणार होते. तुमी त्यांना येगळं बोलावलं. येगळं बसवलं."

टिंग.

तिघांनीही ऐकलं. महेबूबनं काउंटरची कड घट्ट धरली. आणि बाई, मला हिचंच नवल वाटतं, बाई भ्यायली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी रोज बोलावते," ती पुटपुटली. "माझ्यासाठी कधी न्हाई आले. साहेब... तुमी जवळ बसलात. कसे जेवून राहिलेत?"

ग्यानोबानं धीर करून मान वळवली. दबलेली गादी. निम्मा पेला. बशीत कबाबाचा अखेरचा तुकडा, आणि काठावर एकही शिंतोडा नाही. असं नेटकं, असं रसिक जेवण त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. भीती वाटत होती आणि तरी मनात कौतुकच उमटलं. जेवावं तर असं.

"निवांत," तो म्हणाला. "लई निवांत, बाई."

तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की ग्यानोबाला क्षणभर बसून राहावंसं वाटलं. तेवढ्यात खिडकीतून उजेडाचा झोत आला. नांदेडची लाल गाडी नाक्यावर आली होती. गचके खात ती वळली आणि स्टँडकडं निघाली.

ग्यानोबा ताडकन उठायला गेला.

"उठू नका!" बाईचा आवाज फुटला. "ते उठल्याबिगर उठू नका, तुमच्या पाया पडते. त्यांची पंगत तुमच्यासंगं मांडलीय. तुमची जागा मोकळी दिसली, की ती त्यांची."

"अवं पण माझी बायको हाय गाडीत! मी दिसलो न्हाई तर ती उतरणार न्हाई. परत कधीच येणार न्हाई ती."

"थोडं थांबा. बशी होत आलीय."

बशी होत आली होती खरी. पण साहेबरावांपुढचा भात तसाच होता, वाटीभर सालन होतं, खीर तर शिवलेलीसुद्धा नव्हती. आणि तो जेवणारा काही घाई करणाऱ्यातला नव्हता. ग्यानोबानं पेल्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. गाडीचा मागचा तांबडा दिवा लहान होत चालला होता. तिकडं पारू खिडकीतून डोकं काढून फलाटावर त्याला शोधणार. दिसला नाही की ओठ मुडपून खिडकीची काच ओढून घेणार. त्याच्या डोळ्यांपुढं ते चित्र इतकं लख्ख उभं राहिलं की बाकी सगळं विसरलं.

मग त्यानं काय करावं? आपण लोक यष्टीत करतो तेच केलं. खिशातला रुमाल काढला आणि आपल्या स्टुलावर टाकला.

"ही माझी जागा धरलेली हाय," तो रिकाम्या हवेला हात जोडून म्हणाला. "साहेबराव, रागावू नका. तुमी सावकाश जेवा. मी बायकोला घेऊन हा आलो."

बाई मटकन खाली बसली. महेबूबच्या तोंडून फक्त "या अल्ला" एवढं निघालं. ग्यानोबा दार ढकलून पळत सुटला.

रस्त्यावरून त्यानं एकदा खिडकीतून आत बघितलं. दोन्ही स्टुलं दिसत होती. शेजारच्या स्टुलाची गादी फुगून पहिल्यासारखी झाली होती. त्याचा रुमाल नीट चौकोनी घडी घालून काउंटरवर ठेवला होता, आणि त्याच्या स्वतःच्या जागेची गादी दबलेली होती.

स्टँडवर तो पोचला तेव्हा गाडीतली माणसं उतरून पांगली होती. पारू खिडकीशी बसून होती, मांडीवर गाठोडं, ओठ मुडपलेले. ग्यानोबाला धाप लागली होती, हाक निघेना. तो नुसता उजेडात जाऊन उभा राहिला. पारूनं बघितलं. मुडपलेले ओठ सुटले आणि ती हसली. देवा रे, त्या हसण्यासाठी ग्यानोबानं काय काय केलं नसतं! ती खाली उतरली, गाठोडं सावरत जवळ आली.

"आलात व्हय? मला वाटलं, गेलात पुन्हा कुठल्या टँकरच्या मागं."

रिक्षात ती कडेला सरकून बसली. दोघांच्या मधे माणूसभर जागा राहिली. अजून राग असेल थोडा, ग्यानोबा मनाशी म्हणाला. असू दे. वाटेत ती बोलत होती, अर्धापूरच्या बागेचं, भावाच्या लेकराचं, बंद पडलेल्या गाडीचं. तो हं हं करत होता. तिच्या आवाजानं त्याची भीती हळूहळू उतरली. फुरसतचा विचार त्यानं उद्यावर टाकला. सकाळी जाऊन बाईची माफी मागू, रुमाल आणू.

खोलीत आल्यावर पारूनं कंदील लावला, कारण त्या सालात विजेचाही भरवसा नव्हता. पदर खोचला आणि गाठोडं सोडलं.

"मी वाटेत काय खाल्लं न्हाई. तुमच्यासंगं जेवायचं म्हणून थांबले. केळफुलाची भाजी आणलीय, धपाटे हायेत, दही हाय. बसा."

ग्यानोबाचं पोट गळ्यापर्यंत भरलं होतं. पण हीच ती परीक्षा, तो मनाशी म्हणाला. एकेक घास चावायचा, उठायचं नाही, काही झालं तरी उठायचं नाही. तो भिंतीला टेकून मांडी घालून बसला. पारूनं दोन ताटं घेतली, एक स्वतःपुढं ठेवलं आणि दुसरं मांडलं त्याच्या उजव्या अंगाला, हातभर लांब.

"इकडं सरकव की," तो म्हणाला.

पारूनं धपाटा वाढला, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला. भाजी वाढली. आणि समोर बसून बघू लागली. ग्यानोबाकडं नाही. त्याच्या उजवीकडं, ताट होतं तिथं, माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर.

कंदिलाची ज्योत जराही हलत नव्हती. ताटातला धपाटा कमी होत होता. हळूहळू, नेटकेपणानं, एक शिंतोडा न उडवता. पारू स्वतःचा घास हातात धरून बघतच राहिली होती. तिचा चेहरा असा उजळला होता, जसा लग्नाच्या दिवशीही ग्यानोबानं बघितला नव्हता.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली. "असं जेवता येतं व्हय तुमाला? मला ठाऊकच नव्हतं." तिनं पदरानं डोळे टिपले. "असं संगं बसून जेवणारा माणूस असंल, तर मी कशाला जाते माघारी? राहते मी. उद्या मारोतीला निरोप धाडा, पारू राहिली म्हणून."

ग्यानोबाला उठायचं होतं, पण पाय उचलेनात. त्यानं सगळा जीव एकवटून हाक मारली.

"पारू!"

पारूची मान दाराकडं वळली. जरा वेळ तिनं कान दिला.

"बाहेर कुणी हाक मारतंय वाटतं," ती म्हणाली. मग पुढं झाली आणि त्या ताटात आणखी एक धपाटा वाढला. "असंल कुणीतरी टँकरवालं. तुमी नका उठू. जेवा सावकाश."